‘नेहमीची कामे’ कोणाची? : जीवनगुणवत्तेच्या प्रश्नावलीचे एक वाचन

साहित्य आणि समाजचिंतनाला वाहिलेल्या नियतकालिकात दवाखान्यातल्या प्रश्नावलीची चिकित्सा कशासाठी, असे काही वाचक विचारतील. त्यांना माझे उत्तर असे की, प्रश्नावली हेही एक लेखनच आहे. तिला लेखक असतो. त्या लेखकाच्या डोळ्यांसमोर एक विशिष्ट माणूस असतो. तिच्यात काही बोलले जाते आणि काही गाळले जाते. हा अनुभव कोणाचा, ही भाषा कोणाची, हा ‘मी’ कोण, असे जे प्रश्न आपण कथाकवितेला विचारतो, ते तिलाही विचारता येतात. किंबहुना तिला ते अधिक कठोरपणे विचारावयास हवेत. कवितेची समीक्षा चुकली तर एका कवितेवर अन्याय होतो. प्रश्नावलीचे वाचन चुकले तर माणसाच्या कंबरेचा आणि गुडघ्याचा हिशेब चुकतो, आणि त्या हिशेबावर त्याचा उपचार ठरतो.

निमित्त घडले ते अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका तपासणी शिबिराचे. हाडे, सांधे आणि स्नायूंच्या दुखण्यांसाठी ते शिबिर होते. आमच्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींना घेऊन मी तेथे दिवसभर फॉर्म भरून घेण्याचे काम केले. डॉक्टरांच्या टेबलापर्यंत पोचण्याआधी प्रत्येकाला पाच प्रश्न विचारावयाचे आणि एका मोजपट्टीवर खूण करून घ्यावयाची, एवढेच ते काम. ते करता करता मला त्या पाच प्रश्नांचाच अभ्यास करावासा वाटू लागला.

सोलापूरकरांना ही वसाहत सांगावयास नको. बाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली. पुढे विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी अशी गिरण्यांची नावे या शहराची ओळख झाली. आज त्या गिरण्या नाहीत. त्यांच्या जागी यंत्रमागाचे कारखाने आहेत, आणि चादर व टॉवेल यांचे सोलापूरचे नाव त्यांनी टिकवले आहे. दोन्ही मालांना भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे मालाच्या गुणवत्तेची कायद्याने नोंद झालेली आहे. तो माल विणणाऱ्या, शिवणाऱ्या, उचलणाऱ्या माणसाच्या जगण्याच्या गुणवत्तेची नोंद कशी होते, हा माझ्या लेखाचा विषय.

१

ज्याला ‘आरोग्याशी निगडित जीवनगुणवत्ता’ म्हणतात ती कल्पना मुळात वाईट नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. पूर्वी डॉक्टर एक्स-रे पाहात आणि सांध्याची झीज किती ते सांगत. त्या झिजेने माणसाचे जगणे किती झिजले, हे विचारण्याची पद्धत नव्हती. एक्स-रेमध्ये फारसे काही दिसत नाही पण माणूस वाकू शकत नाही, असेही पुष्कळदा घडते. तेव्हा दुखणे ज्याचे आहे त्यालाच विचारा, हा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला, आणि तो लोकशाहीचाच विचार होता. १९८० साली इंग्लंडमधील ऑस्वेस्ट्री येथील अस्थिरोग रुग्णालयातून कंबरदुखीची दहा विभागांची एक प्रश्नावली आली. १९९० साली युरोपातील संशोधकांनी पाच प्रश्नांची ‘ईक्यू-फाइव्ह-डी’ मांडली. १९९२ साली अमेरिकेत छत्तीस प्रश्नांची ‘एसएफ-३६’ प्रसिद्ध झाली. जागतिक आरोग्य संघटनेने सव्वीस प्रश्नांची आपली प्रश्नावली सिद्ध केली. आज यांपैकी एखादी तरी प्रश्नावली जगभरच्या अस्थिरोग विभागांत वापरात असते.

आमच्या हातात होती ती ईक्यू-फाइव्ह-डीची मराठी प्रत. हालचाल, स्वतःची काळजी, नेहमीची कामे, वेदना किंवा अस्वस्थता, चिंता किंवा नैराश्य अशी तिची पाच अंगे आहेत. प्रत्येक अंगाला पाच पायऱ्या : काहीच त्रास नाही इथपासून ते जमतच नाही इथपर्यंत. पाचाच्या पाच पायऱ्या मिळून माणसाच्या आरोग्याच्या ३,१२५ अवस्था होतात. शेवटी शून्य ते शंभर अशी उभी पट्टी. आज तुमचे आरोग्य कितीवर आहे तेथे खूण करा.

ती खूण पुढे कोठे जाते हे आमच्या कार्यकर्त्यांना ठाऊक असावयास हवे. पाच उत्तरांतून एक अंक काढला जातो. पूर्ण आरोग्य म्हणजे एक, मरण म्हणजे शून्य. काही अवस्था लोकांना मरणापेक्षा वाईट वाटतात, म्हणून त्यांचा अंक शून्याच्याही खाली जातो. या अंकाला वर्षांनी गुणले की एखाद्या उपचाराने किती ‘गुणवत्तेची वर्षे’ मिळाली ते निघते, आणि सरकारने त्या उपचारावर पैसा घालावा की नाही याचा हिशेब मांडता येतो. भारतासाठी हे अंक चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेच्या संशोधकांनी साडेतीन हजारांहून अधिक लोकांना विचारून तयार केले आणि ते २०२२ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा ही गोष्ट विलायतेतली राहिलेली नाही. आपल्या देशात आपल्या वेदनेचा भाव ठरविण्याचे हे साधन आहे.

२

आता या लेखनातला ‘मी’ पाहू. एसएफ-३६ ही प्रश्नावली मध्यम श्रमाची कामे विचारते तेव्हा उदाहरणे देते ती टेबल सरकवण्याची, धूळ ओढणारे यंत्र ढकलण्याची, गोल्फ खेळण्याची. ओझे विचारते ते किराणा मालाचे. ऑस्वेस्ट्रीची प्रश्नावली विचारते की आपल्या आवडत्या खुर्चीत हवा तेवढा वेळ बसता येते काय. या वाक्यांवर हसून पुढे जाण्यात अर्थ नाही. त्यांच्यामागे एक पूर्ण माणूस उभा आहे. त्याला घर आहे, घरात खुर्ची आहे, खुर्च्यांतली एक आवडती आहे. त्याचे आठवड्याचे कामाचे तास ठरलेले आहेत आणि उरलेल्या वेळात तो खेळतो. त्याचे दुखणे म्हणजे या सुरळीत आयुष्यात आलेला अडथळा. प्रश्नावली त्या अडथळ्याची लांबी-रुंदी मोजते.

अक्कलकोट रोडवर फॉर्म भरायला बसलेल्या माणसाचे दुखणे हा त्याच्या आयुष्यातला अडथळा नसतो. ते त्याच्या रोजगाराचे अंग असते. मागावरचा कामगार पाळीभर उभा असतो, दोन मागांच्या मधल्या बोळातून येरझारा घालतो, तुटलेला धागा सांधायला वाकतो. बीम चढवताना दोन-तीन माणसांची कंबर एकाच वेळी पणाला लागते. कांड्या भरणाऱ्या आणि टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बायांची मान दिवसभर खाली असते. सुताची पोती आणि टॉवेलच्या गाठी पाठीवरून ट्रकमध्ये चढतात. याच रस्त्याने पुढे कुंभारीला २००६ साली विडी कामगारांची दहा हजार घरकुले उभी राहिली. तेथील बाया मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास मांडी घालून बसतात. या सर्वांना आपण विचारतो : तुम्हाला नेहमीची कामे करताना त्रास होतो काय?

टॉवेल शिवणाऱ्या एका मावशींना आमच्या एका विद्यार्थिनीने हा प्रश्न विचारला. वय पन्नाशीच्या आसपास. उजवा खांदा वर उचलताना त्यांचा चेहरा आखडत होता, ते आम्हा दोघांनाही दिसत होते. त्या म्हणाल्या, “काम कुठं सोडलंय बाई? करतेय की. त्रास न्हाई म्हणून लिव.” मी म्हटले, “मावशी, करताना दुखत असेल तर तसं सांगा.” त्यावर त्यांचे उत्तर : “सर, दुखतंय म्हणून कोण काम सोडतंय वो? दुखणं निराळं, काम निराळं.” शेवटच्या पट्टीवर त्यांनी ऐंशीवर बोट ठेवले. का, असे विचारले तर म्हणाल्या, “पोरगी बारावीला हाय. समदं बरं हाय.”

या उत्तरात अडाणीपणा नाही. प्रश्न जसा लिहिला आहे तसेच त्याचे उत्तर त्यांनी दिले. काम करता येते का, असे विचारले; येते, असे सांगितले. काम थांबवण्याची मुभा ज्याला आहे त्याच्यासाठी ‘काम करता येणे’ हे आरोग्याचे माप होऊ शकते. ज्याला ती मुभाच नाही, त्याच्यासाठी तेच उत्तर त्याच्या लाचारीचे माप असते. प्रश्नावली दोघांना एकाच चौकटीत बसवते, दोघांना एकच अंक देते, आणि त्याला तुलना म्हणते.

३

दुसरी गोष्ट काळाची. ईक्यू-फाइव्ह-डी ‘आज’ची विचारपूस करते. आमचे शिबिर सुट्टीच्या दिवशी होते, कारण इतर दिवशी कामगार येणार कसा? म्हणजे बारा तासांच्या पाळीने मोडलेले शरीर ज्या एका दिवशी थोडे सावरते, नेमका तोच दिवस मोजला गेला. जो माणूस आदल्या रात्री उताणा झोपू शकत नव्हता, तो दुपारी ‘आज बरे आहे’ असे म्हणाला, आणि खरेच बोलला. पंधरा-वीस वर्षे गाठी उचलणाऱ्या हमालाच्या पाठीचा इतिहास ‘आज’ या एका शब्दात कसा मावावा? नोंद ‘आज’ची, झीज मात्र वीस वर्षांची.

याहून खोल जाणारी गोष्ट अपेक्षेची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जीवनगुणवत्तेची जी व्याख्या केली तिचा आशय असा : माणूस ज्या संस्कृतीत आणि मूल्यव्यवस्थेत राहतो तिच्या संदर्भात, आणि स्वतःच्या अपेक्षा व उद्दिष्टांच्या संदर्भात, त्याला आपले आयुष्यातले स्थान कसे जाणवते, ती त्याची जीवनगुणवत्ता. ही व्याख्या मी पुन्हापुन्हा वाचली. ती उदार आहे. आपल्या समाजात मात्र ती भयंकर होते. कारण आपल्या मूल्यव्यवस्थेने माणसाचे स्थान जन्माआधीच ठरवून ठेवले आणि त्या स्थानाला साजेशी अपेक्षाही त्याच्या पदरात टाकली. ज्याची अपेक्षाच पिढ्यान्‌पिढ्या छाटत आणली, त्याला ‘तुझ्या अपेक्षेच्या मानाने तू कसा आहेस’ असे विचारले तर तो बरा आहे असेच म्हणणार.

हा केवळ माझा तर्क नाही. अमर्त्य सेन यांनी २००२ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात हाच मुद्दा राज्यांच्या तुलनेने मांडला. केरळातील माणूस देशात सर्वाधिक जगतो, आणि आपण आजारी आहोत असेही तोच सर्वाधिक सांगतो. बिहारमधील माणूस कमी जगतो आणि आजारपणही कमी सांगतो. अमेरिकेत तर आजारपणाचे सांगणे केरळाहूनही अधिक. याचा अर्थ बिहारी माणूस केरळीयापेक्षा निरोगी आहे असा कोणी शहाणा काढणार नाही. शिक्षण मिळाले, दवाखाना जवळ आला, की माणूस जे आजवर नशीब म्हणून सोसत होता त्याला आजार म्हणू लागतो. तक्रार करता येणे ही जाणिवेची पायरी आहे. आपल्या चळवळीला हे कोणी शिकविण्याची गरज नाही. गुलामाला गुलामीची जाणीव करून देण्यापासूनच आपली सुरुवात आहे.

येथे हिशेबाचा एक क्रूर परिणाम लक्षात घ्यावयास हवा. उपचाराचा लाभ मोजतात तो उपचारापूर्वीच्या आणि नंतरच्या अंकांतील फरकाने. मावशींनी आधीच ऐंशी सांगितले. उद्या त्यांच्या खांद्यावर चांगला उपचार झाला तरी अंक वाढून वाढणार किती? जो मुळात तीसवर होता तो सत्तरवर गेला तर चाळीसचा लाभ दिसतो. म्हणजे सोसण्याची सवय झालेल्या माणसावर केलेला खर्च कागदावर वाया गेलेला दिसतो. दुःख गिळणाऱ्याला मिळालेली ही शिक्षाच आहे.

४

आता भाषेकडे वळू. प्रश्नावलीत वेदनेसाठी दोनच शब्द आहेत : वेदना आणि अस्वस्थता. शिबिरात मी एका वहीत लोकांचे शब्द उतरून घेतले. ठणका लागलाय. कळ येते. चमक भरली. उसण भरली. लचकली. आखडली. अंग आंबून गेलंय. मुंग्या येतात. पेटका येतो. बधिर पडलंय. ओढ लागते. सल राहिलाय. नुसता शिणवटा म्हणून सांगणारे वेगळे. हे शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत. उसण एकदम भरते, ठणका रात्री जागवतो, शिणवटा झोपेने जातो आणि बधिरपणा झोपेने जात नाही. हाताला मुंग्या येणे आणि खांदा आखडणे हे डॉक्टरांच्या दृष्टीनेही दोन निरनिराळ्या वाटांचे आजार असू शकतात. वेदनेच्या शब्दांना किंमत आहे हे वैद्यकाला माहीतच नाही असेही नाही. रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञाने कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात १९७५ साली रुग्णांच्या तोंडचे वेदनेचे शब्द गोळा करून, त्यांची वर्गवारी लावून एक प्रश्नावली केली. आपल्या श्रमिकांच्या बोलीत असा कोश तयारच आहे. तो कोणी कोशात घेतला नाही, कारण बोलणारे कोशाबाहेरचे.

शिवाय ही वसाहत एका भाषेची नाही. मागावर मोठ्या संख्येने असलेले पद्मशाली कामगार घरी तेलुगू बोलतात. अक्कलकोटकडून येणारा कामगार कन्नड बोलतो. मुसलमान कामगारांची दखनी आहे. त्यांच्यासमोर आपण ‘नैराश्य’ हा शब्द ठेवतो. प्रमाण मराठीत शिकलेल्या माझ्या विद्यार्थ्यालाही तो शब्द पुस्तकात भेटलेला असतो, घरात नव्हे. तो शब्द ऐकून बहुतेक जण हसत आणि पुढे सरकत. त्यांच्या हसण्याची नोंद ‘चिंता नाही’ अशी झाली.

ज्यांनी भाषा आणि राहणी यांचा विचार केला त्यांची नोंदही केली पाहिजे. सोलापूर-पुणे रस्त्यावरील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली घरोघर जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्यांची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेने पुढाकार घेतलेल्या कार्यक्रमाचा तो भाग होता. ४,०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्के लोकांना असे दुखणे आढळले. ज्या दुखण्यांना म्हातारपणाचे किंवा श्रीमंतांचे म्हटले जाई, ती खेड्यात दर पाच-सहा माणसांमागे एकाला आहेत, हे त्या पाहणीने दाखविले. संधिवाताच्या रुग्णांसाठीची अमेरिकन प्रश्नावली भारतात आणताना येथील डॉक्टरांनी उकिडवे बसणे, जमिनीवर मांडी घालून बसणे अशा गोष्टी तिच्यात घातल्या. म्हणजे प्रश्न बदलता येतात. खुर्ची काढून तेथे जमीन घालता येते. मात्र हा बदल राहणीपाशी थांबला. श्रमापर्यंत आणि जातीपर्यंत आला नाही.

५

शरीराच्या कोणत्या अवयवाने कोणते काम करावे हे आपल्याकडे जातीने ठरविलेले आहे. बाबासाहेबांनी दाखवून दिले की, जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रम करणाऱ्यांचीच विभागणी आहे. याचे कापडधंद्यातले उदाहरण त्यांच्याच आयुष्यातले आहे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून बाहेर काढावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. विणकाम खात्यात मजुरी अधिक होती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. तोंडाला विटाळ, म्हणून हाताला कमी मजुरी, म्हणून पाठीवर अधिक ओझे. जात शरीरात अशी उतरते. दुखणे नंतर एक्स-रेमध्ये दिसते.

आज धोटा तोंडाने ओढावा लागत नाही. तरी कारखान्याच्या दारात उभे राहून पाहा : मागावर कोण, हिशेबाच्या टेबलावर कोण, रंगाईच्या ओल्या जमिनीवर कोण, झाडणारे कोण, ट्रकपाशी पाठ वाकवून उभे कोण. माझे वडील सुताच्या गोदामात पोती उचलीत. आमच्या घरात ‘कंबर धरली’ हे शब्द मीठ-भाकरीसारखे रोजचे होते. शिबिराच्या फॉर्मवर वय, लिंग, शिक्षण होते. किती वर्षे कोणते काम केले, हा रकानाच नव्हता. जात विचारण्याचा तर प्रश्नच नाही. दुखणे विचारायचे आणि दुखणे कोठून आले ते विचारायचे नाही, अशी ही रचना आहे. बाबासाहेबांनी धम्माची मांडणी करताना दुःखाचा विचार पूर्वजन्माच्या कर्मातून सोडवून माणसामाणसांच्या व्यवहारात आणला. प्रश्नावली दुःखाची नोंद घेऊन थांबते. कारण विचारीत नाही. कारण विचारले नाही की कर्मसिद्धांताला पुन्हा जागा मिळते, मग तो शास्त्राच्या भाषेत का असेना.

कायद्यातही हीच गाळलेली जागा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने व्यवसायजन्य रोगांची जी यादी केली तीत कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग आहे, गोंगाटाने येणारे बहिरेपण आहे. वर्षानुवर्षांच्या ओझ्याने मोडलेली कंबर त्या यादीत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या यादीत स्नायू आणि हाडांचे विकार २००२ पासून आहेत. त्यानंतर आपल्याकडे २०२० ची नवी श्रमसंहिता झाली, तरी तिची यादी जुन्याच वळणाची राहिली. १८ मे २०२५ रोजी याच वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जण मृत्युमुखी पडले. ती बातमी देशभर गेली, आणि जावयासच हवी होती. आगीत गेलेल्यांची निदान मोजणी होते. कणाकणाने झिजणाऱ्याला तारीख नसते, म्हणून बातमी नसते, म्हणून भरपाईही नसते.

६

प्रश्नावलीला बोल लावताना आपल्या साहित्याकडेही त्याच नजरेने पाहिले पाहिजे. ‘कारण कोण’ हा प्रश्न दलित आत्मकथनांनी विचारला, हे त्यांचे मोठेपण. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे. शरणकुमार लिंबाळे आमच्या अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. त्यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ चे. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. या लेखनातला ‘मी’ एकटा नाही. तो बोलू लागला की वस्ती बोलू लागते, आणि दुःखाबरोबर दुःख देणाराही पानावर येतो. जीवनगुणवत्तेचे इतके पूर्ण मापन कोणत्याही मोजपट्टीला जमलेले नाही.

तरीही एक उणीव मला जाणवते. आपल्या साहित्याने भुकेची नोंद केली, अपमानाची केली, मारहाणीची केली. श्रमाने सावकाश झिजणाऱ्या शरीराची नोंद त्या मानाने थोडी आहे. उर्मिला पवार यांनी २००३ साली आपल्या आत्मकथनाला ‘आयदान’ हे आईच्या बुरुडकामाचे नाव दिले, तेव्हा श्रम करणारे हात मध्यभागी आले. त्या वाटेने पुढे फारसे कोणी गेले नाही. विद्रोह ताठ कण्याने होतो असे आपण लिहीत आलो. वाकलेल्या कण्याच्या माणसाचा विद्रोह कसा असतो, हे लिहिले गेलेले नाही. यंत्रमागाच्या शेडमधला, गाठीखालचा, शिलाई मशिनवरचा माणूस आपल्या साहित्यात अजून पुरता यावयाचा आहे.

७

येथे दोन बाजूंनी आक्षेप येतील. डॉक्टर मंडळी म्हणतील, ही साधने सर्व देशांत, सर्व रोगांत तुलना करता यावी म्हणून मुद्दाम साधी ठेवली आहेत; त्यांच्यावर समाजशास्त्राचे ओझे घालू नका. त्यांना माझे म्हणणे असे की, साधेपणा हाही कोणाच्या तरी बाजूचा असतो. खुर्चीचा प्रश्न साधा आणि पोत्याचा प्रश्न अवघड, हे कोणी ठरविले? जागतिक आरोग्य संघटनेच्या सव्वीस प्रश्नांत पैसा पुरतो का, घर कसे आहे, दवाखाना गाठता येतो का, असे प्रश्न आहेत. ती प्रश्नावली घडविणाऱ्या पंधरा केंद्रांत दिल्ली आणि मद्रास ही केंद्रे होती. तेव्हा असे प्रश्न विचारल्याने शास्त्र बुडत नाही.

दुसरा आक्षेप आपल्यातलाच आहे. आकडे हा प्रस्थापितांचा डाव आहे, वेदना मोजता येत नाही, फॉर्म फाडून टाका. हा आवेश मला समजतो, पण पटत नाही. आकड्यांवाचून हक्क मिळत नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक त्यांनी मांडले. श्रमिकाच्या थकव्याला त्यांनी कायद्यात एक आकडा मिळवून दिला. कंबरदुखी आज जगात माणसाला निकामी करणाऱ्या कारणांत अग्रभागी आहे. २०२० साली ६१ कोटी ९० लाख लोक तिने ग्रासलेले होते असा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या आकड्यात अक्कलकोट रोडचा हमाल धरला गेला पाहिजे, आणि तो हमाल म्हणूनच धरला गेला पाहिजे.

म्हणून फॉर्म फाडण्याऐवजी तो नव्याने लिहिण्याचे काम आपण हाती घ्यावे, असे मी सुचवितो. मूळ पाच प्रश्न तसेच राहू देत. तुलनेला ते लागतील. त्यांच्या खाली आपले प्रश्न जोडावेत. सुट्टीच्या ‘आज’बरोबर पाळी सुटल्यावरची संध्याकाळ विचारावी. ‘नेहमीची कामे’ या शब्दांऐवजी कामाचे नाव, वर्षे, तास आणि उचलण्याचे वजन लिहावे. काम करता येते का, एवढ्यावर न थांबता, दुखत असताना काम थांबवता येते का, थांबवले तर मजुरी कापली जाते का, हे विचारावे. घरी पाणी कोण भरते, उकिडवे बसता येते का, रात्री कुशीवर वळता येते का, हे विचारावे. दुखण्यासाठी कोणाकडून किती उसने घेतले आणि त्यापायी मुलांच्या शिक्षणातले काय गेले, हे विचारावे. विचारणारा तेलुगू, कन्नड, दखनी बोलणारा असावा, आणि लोकांचे शब्द जसेच्या तसे उतरून घ्यावेत. भरलेल्या फॉर्मची एक प्रत कामगाराच्या हातात राहावी. भरपाईचा, विम्याचा प्रश्न येईल तेव्हा ती त्याचा पुरावा ठरेल.

हे काम डॉक्टरांवर सोडून भागणार नाही. एमआयडीसीत आणि तिच्या आसपास राहणारी आमची विद्यार्थीसंख्या मोठी आहे. त्यांच्या घरात ही दुखणी आहेत, हे शब्द आहेत, या भाषा आहेत. समाजशास्त्राच्या, मराठीच्या, वाणिज्याच्या शिक्षकांनी प्रकल्पाच्या नावाखाली पुस्तकातली पाने उतरवून घेण्यापेक्षा मुलांना अशी नोंद करावयास लावावी. युनियनच्या कार्यकर्त्यांनी मजुरीच्या मागणीपत्रात वजनाची आणि विश्रांतीची मागणी घालावी, आणि तिच्यासोबत या नोंदी जोडाव्यात. व्यवसायजन्य रोगांच्या यादीत कंबर, गुडघा, खांदा आणण्याची मागणी नोंदींच्या बळावर करता येईल. नुसत्या सहानुभूतीच्या बळावर ती कोणी ऐकणार नाही.

मावशींच्या ऐंशी या आकड्याला मी खोटा म्हणत नाही. त्यात मुलीच्या बारावीचा अभिमान आहे आणि तो मोजलाच पाहिजे. पण त्याच कागदावर त्यांचा न उचलणारा खांदा, त्यांची वर्षे आणि त्यांची मजुरीही लिहिलेली असली पाहिजे. मग तो कागद वाचणाऱ्याला ठरवू दे की त्यांची जीवनगुणवत्ता किती, आणि ती तेवढीच ठेवण्यात कोणाचा किती वाटा आहे.